सिद्धरामला बसवायचं कुणी

विरेशच्या कादंबरीत सिद्धराम मंगळावर मेला आणि इकडे जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बापलेकांचं बोलणं बंद झालं.

आता कादंबरीतला माणूस मेला म्हणून खरी माणसं भांडतात का? भांडतात. सांगतो कशी ती. पण आधी हे बापलेक काय चीज होते ते कळलं पाहिजे.

बाप म्हणजे ईरप्पा, होटगी जंक्शनचे निवृत्त स्टेशन मास्तर. नोकरीत होते तेव्हा माणसांवर ओरडले, निवृत्त झाल्यावर टीव्हीवर ओरडले. पुढं फुफ्फुसांनी दगा दिला, ओरडायला दम पुरेना, तेव्हापासून हळू आवाजात टोचून बोलायला लागले. सून महेश्वरी म्हणायची, यापेक्षा ओरडणं बरं होतं. नाकात नळी, शेजारी घुर्रघुर्र करणारं ऑक्सिजनचं यंत्र, आणि खिडकीजवळ आरामखुर्ची. रात्रीसुद्धा त्या खुर्चीतच. आडवं झालं की छातीवर कुणीतरी येऊन बसल्यासारखं व्हायचं, जीव घाबरा व्हायचा. म्हणून मागं उशा लावून बसल्या बसल्याच झोपायचे.

"समाधीची प्रॅक्टिस चाललीय," भेटायला आलेल्यांना ते सांगायचे. "आपल्या लिंगायतांत मेल्यावर बसवूनच पुरतात की. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. मी आतापासूनच सवय करून घेतोय, ऐनवेळी पायाला मुंग्या यायला नकोत."

भेटायला आलेला माणूस हसावं की नाही या विचारात चहा गार करायचा.

आणि लेक म्हणजे विरेश. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, स्वभावानं गरीब. आयुष्यात एकच हट्ट धरला, तो या कादंबरीचा. मंगळावर माणसं जातात, राहतात, अशी कादंबरी, आणि तीही खरीखुरी. "आपल्याकडं यान उडतं आणि पुढच्या पानावर पोचतं. मधले महिने गेले कुठं? ती माणसं जेवली काय? त्यांचं पटलं का?" यावर तो इतका तावातावानं बोलायचा, की वर्गातली पोरं मुद्दाम हा विषय काढून तास घालवायची. इंधन किती, हवा किती, ग्रह जवळ आल्याशिवाय परतता का येत नाही, सगळं तो बसून मांडायचा. एकदा तर बायकोला थंडीचे दोन जोड हातमोजे एकावर एक घालायला लावून शेंगा फोडायला बसवलं. अंतराळवीराच्या बोटांना किती कळतं ते बघायचं होतं त्याला.

"काही कळत नाही," महेश्वरी म्हणाली. "नवऱ्याला डोकं आहे की नाही तेही कळत नाही."

पण ते शेंगांचं त्यानं जसंच्या तसं कादंबरीत घातलं, आणि झकास उतरलं ते.

रोज संध्याकाळी तो लिहिलेलं बापाला, म्हणजे आप्पांना, वाचून दाखवायचा. आप्पांना विज्ञान किती कळायचं देव जाणे, पण ऐकायला एक नंबर. आणि मध्ये मध्ये खोड काढायला दोन नंबर.

"सहा माणसं जाणार आणि त्यात सोलापूरचं एक न्हाई?"

"आप्पा, हजारोंतून निवडतात."

"मग निवड की! लिहिणारा तूच हाईस न्हवं?"

असा सिद्धराम आला. सोलापूरजवळच्या कुंभारीचा पोरगा, इंजिनिअर, गळ्यात लिंग, सामानात शेंगाचटणीची पुडी. आप्पांचा जीव जडला त्याच्यावर. कॉलेजातून विरेश आला रे आला, की पाणी प्यायच्या आत विचारायचे, "सिद्धराम काय म्हणतोय?" तिथं पाणी किती दिवसांआड येतं, हेही विचारून झालं. विरेशनं समजावलं, की श्वासातली वाफ, घाम, लघवी, सगळं शुद्ध करून तेच पुन्हा प्यायचं, रोज.

"रोज? मग आपल्यापेक्षा बरं हाय की," आप्पा म्हणाले.

मंगळावरून बोललेलं पृथ्वीवर पोचायलाच कितीतरी मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच, हे ऐकल्यावर मात्र ते खो खो हसले, एवढे की खोकला आवरेना. "म्हणजे शरणूला विचारल्यासारखंच!"

हे घरचं दुखणं होतं. शरणबसव, विरेशचा थोरला भाऊ, अमेरिकेत. हुशार, कर्ता, सगळ्यांची काळजी घेणारा. दोष त्याच्यात काही नव्हता, दोष या घराच्या सवयीत होता. फ्रिज कुठला घ्यायचा, अण्णाला विचारतो. आप्पांना दवाखाना कुठला, अण्णाला विचारतो. गॅलरीला जाळी लावायची का, तेही अण्णाला. आपली दुपार ती त्याची रात्र, त्यामुळं उत्तर दुसऱ्या दिवशी. तोवर सगळं घर ताटकळत. विरेशला अण्णा रागावेल अशी भीती होती म्हणावं, तर तसंही नाही. अण्णानं हो म्हटलं की चूक झाली तरी आपली राहत नाही, एवढंच. हे त्यानं कधी कबूल केलं नसतं, पण महेश्वरीला पक्कं माहीत होतं.

तर, सिद्धरामचं मरण. ती संध्याकाळ.

सिद्धराम तळापासून लांब कामाला गेला होता. मंगळाची धूळ पिठासारखी बारीक असते. ती त्याच्या पाठीवरच्या यंत्रात शिरली, झडप अडकली, आणि सोबतीण त्याला ओढत आणेपर्यंत संपलं. विरेशनं हे फार सुरेख लिहिलं होतं. आप्पांनी नाकातली नळी चाचपली. मग म्हणाले, "वाच पुढं."

पुढं कमांडर बाई पृथ्वीकडं परवानगी मागते.

"परवानगी कशाची?"

"पुरायची. तिथल्या मातीत माणसाचे जंतू मिसळू द्यायचे नाहीत, आप्पा. म्हणून विचारावं लागतं. मग इथं समिती बसते, चर्चा होते."

"आणि तोवर पोरगं?"

"बाहेरच्या कोठीत ठेवतात. आत ठेवून चालत नाही."

"कसं ठेवतात?"

"स्ट्रेचरवर."

"आडवं?"

"स्ट्रेचरवर आडवंच ठेवणार की."

"बाहेर थंडी किती म्हणालास?"

"भयंकर. बर्फाच्याही खाली."

"म्हणजे लाकूड होणार त्याचं."

"तेच तर!" विरेश खुशीत आला. बापाला प्रकरणाचं मर्म कळलं असं वाटलं त्याला. "शेवटी उत्तर येतं, की त्याच्या घरच्या रीतीनं करा, बसवून पुरा. पण तोवर गुडघे वाकत नाहीत. मग आडवाच पुरतात. वाचणारा हादरेल बघा, आप्पा."

"वाचणाऱ्याला घाल चुलीत," आप्पा म्हणाले. "त्या बाईला सांग, आधी बसव, मग विचार."

"असं नाही होत. कमांडर आहे ती. नियम आहेत."

"मला नियम सांगतोस व्हय? पुढच्या स्टेशनानं लाइन क्लियर दिल्याबिगर जन्मात एक गाडी सोडली न्हाई मी. पण मेलेल्या माणसाला लाइन क्लियर लागत न्हाई रं. त्याच्या समोरून कुणाची गाडी यायची असती?"

"आप्पा, खोटं होईल ते."

"बदल."

"नाही बदलणार."

आयुष्यात पहिल्यांदा विरेश बापाला नाही म्हणाला, आणि म्हणायची वेळ हीच शोधली शहाण्यानं. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खोटं-बिटं काय न्हाई, विऱ्या. हात लावायचं धाडस तुला न्हाई, म्हणून तुझ्या बाईलाबी न्हाई." थोडा दम घेतला. "माझं काय करशील?"

"काहीतरीच काय बोलता."

"काहीतरीच न्हाई. आडवं झालं की माझा जीव कोंडतो. तुला म्हाईत हाय. मला आडवं घालू नकोस."

"नाही घालणार हो, आप्पा," विरेश म्हणाला, आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी टीव्ही मोठ्यानं लागायला लागला. विरेश आला तरी सिद्धरामची चौकशी नाही. चहा हवा असला तरी महेश्वरीमार्फत निरोप. विरेशला फार लागलं ते. दोनदा तो प्रकरण उघडून बसला, बाईला बिनपरवानगी सिद्धरामला बसवायला लावून बघितलं. पण वाक्य पुढं सरकेना. ती बाई हात पुढं करायची आणि थांबायची. त्यानं ते खोडून टाकलं आणि स्वतःला सांगितलं, की वास्तव असंच असतं.

ऊन तापायला लागलं तसा आप्पांच्या छातीत जंतुसंसर्ग झाला. दवाखान्यात नेलं, तोंडाला मोठा मास्क लावला. विरेशनं अमेरिकेला फोन केला, आणि शरणबसव म्हणाला, मिळेल त्या विमानानं निघतो. निघालाही तो.

त्या दिवशी आप्पांनी विरेशला खुणेनं जवळ बोलावलं. मास्कमुळं बोलता येत नव्हतं. चादरीवर त्यांनी दोन बोटं मांडी घातल्यासारखी दुमडली, मग पालथा हात उताणा करून, लिंग धरल्यासारखा, छातीशी धरला.

"हो आप्पा," विरेश घाईघाईनं म्हणाला. "बदलतो प्रकरण. ती बाई बसवेल सिद्धरामला. नक्की बसवेल."

आप्पांनी मान हलवली. ते नव्हे. विरेशच्या छातीवर बोट टेकवलं, मग स्वतःच्या. पुन्हा विरेशच्या, पुन्हा स्वतःच्या. एवढ्यानंच ते दमले. विरेशला कळलं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. "हो," तो म्हणाला. "मी बसवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले. कॉट डोक्याकडून उचललेली होती, त्यामुळं गेले तेही टेकून बसलेलेच. डॉक्टर आले, बघितलं, बाहेर गेले. मग नर्सनं मास्क काढला, आणि सवयीनं, तिची तरी काय चूक, कळ फिरवून कॉट सपाट केली. विरेशनं तोंड उघडलं होतं. पण शब्द निघाला नाही.

घरी आणलं तेव्हा गुरुपादय्या स्वामी विभूती घेऊन येऊन बसलेले होते. घराण्याचे जंगम, म्हणजे पुरोहित, ते, विरेशच्या आईचं सगळं त्यांनीच केलं होतं. त्यांनी आप्पांचा हात कोपरात वाकवून बघितला, गुडघा वाकवून बघितला. "अंग अजून ऐकतंय," ते म्हणाले. "आत्ताच बसवून घ्या. भिंतीला टेकवू, वस्त्रानं बांधू, भोवती बर्फाच्या लाद्या लावू. थोरला उद्या आला की दर्शन घेईल, मग विमान काढू." विमान म्हणजे फुलांनी सजवलेली खुर्ची, तिच्यात बसवून समाधीला नेतात. ती सांगूनही झाली होती.

"अण्णाला एकदा विचारतो," विरेश म्हणाला.

"विचारायचं काय त्यात?"

"नाही, म्हणजे... त्याला चालेल का, असं बर्फात... एकदा कानावर घालतो."

शरणबसव आकाशात होता. फोन बंद. विरेशनं मेसेज टाकला: अण्णा, आप्पा गेले. बसवून बर्फ लावू का शीतपेटीत ठेवू? कळव. मेसेजपुढं एकच बारीक खूण उमटली आणि तशीच राहिली.

माणसं भिंतीला लागून उभी होती. हात मोकळे करून, बाह्या सारून. मुलानं हो म्हणायचं आणि त्यांनी उचलायचं, एवढंच राहिलं होतं. परक्यानं आपण होऊन मयताला हात कसा लावावा? स्वामी विभूतीच्या ताटाकडं बघत बसले.

महेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात आली. चारचौघांत ती नवऱ्याला कधी बोलत नसे. आज बोलली. "अहो, मामांनी तुमच्या छातीवर बोट ठेवून सांगितलंय. तुम्हीच मला म्हणालात. बसवा त्यांना."

"बसवायचंच आहे ग. एवढा अण्णाचा मेसेज येऊ दे."

ऊन चढत होतं. पंख्याची हवा गरम. सोसायटीतल्या कुणीतरी, चांगल्याच बुद्धीनं, एका मंडळाची शीतपेटी सांगितली, आणि ती आलीसुद्धा. लांबलचक, काचेच्या झाकणाची. आणणाऱ्या पोरांना पुढं आणखी एका घरी जायचं होतं. ती विचारायला लागली, काका, ठेवायचं ना?

विरेशनं फोनकडं बघितलं. एकच खूण.

"तात्पुरतं ठेवू," तो म्हणाला.

ठेवलं. पाय सरळ करून, हात अंगालगत. झाकण बसलं, आतून काच धुरकटली. आपण काय करतोय हे विरेशला त्या वेळी कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण उघडा म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि ते त्याला आयुष्यात जमलेलं नव्हतं. संध्याकाळभर तो पेटीशेजारी बसून फोनची काच पुसत राहिला.

उत्तर सकाळी आलं. शरणबसव मधल्या कुठल्याशा विमानतळावर उतरला होता. त्यानं लिहिलं होतं: मला कशाला विचारतोस रे? आप्पांनी तुला सांगितलंच असेल. बसवून घे लगेच. माझ्यासाठी थांबू नका.

विरेशनं ते दोनदा वाचलं. हे त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. अभ्यास करून, महिना महिना घासून. उत्तर बरोबर येतं आणि उशिरा येतं. फक्त लिहिताना तो स्वतःला कधी त्या बाईच्या जागी समजला नव्हता.

झाकण काढलं. स्वामींनी गुडघ्याखाली हात घातला, हळूच जोर दिला, पुन्हा दिला. मग हात काढून घेतला आणि उपरण्याला पुसला. "आता नको," ते म्हणाले. "काही लोक जोर लावून बसवतात. हाडं वाजतात. ईरप्पांचं ते मी करणार नाही."

"थोडं थांबलो तर? बाहेर ठेवलं तर?"

"या उन्हात?" स्वामी म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये झेंडूनं मढवलेलं विमान रिकामं उभं होतं. त्याच्या बाजूनं आप्पांना तिरडीवर नेलं. रुद्रभूमीत खड्डा बसलेल्या माणसाच्या मापाचा खणलेला होता, आणि आत एका भिंतीत बसवायचा कोनाडा, नीट सारवलेला. खणणाऱ्यांनी तिरडी बघितली, एकमेकांकडं बघितलं आणि न विचारता पुन्हा कुदळी उचलल्या. खड्डा लांब करायला लागले. तो आवाज विरेश ऐकत उभा राहिला.

तेवढ्यात शरणबसव आला. विमानतळावरून गाडी करून थेट इथंच, अंगात प्रवासाचे कपडे. बापाच्या पायावर डोकं ठेवून रडला. मग वर बघून म्हणाला, "आडवं का ठेवलंय?"

"तुझी वाट बघत होतो, अण्णा."

"माझी?" शरणबसव रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच उमगेना. "मला काय कळतं रे त्यातलं? तू होतास की जवळ."

विरेश खड्ड्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

विधी झाले. लिंग तळहातावर ठेवायचं, पण हात अंगालगत ताठ, तळवा आत वळलेला. स्वामींनी ते वस्त्रात गुंडाळून छातीवर बांधलं. चौघांनी दोर धरून आप्पांना खाली सोडलं. खड्ड्याच्या तळाशी ते सपाट, लांबच लांब दिसायला लागले. किती वर्षांत विरेशनं बापाला असं बघितलं नव्हतं. शेजारी सारवलेला कोनाडा मोकळा.

पहिली मूठ टाकायला स्वामींनी माती पुढं केली. विरेशनं घेतली नाही.

"थांबा," तो म्हणाला. "डोक्याकडून थोडं उंच करू. खाली माती घालू, उशीसारखी."

सगळ्यांनी आधी स्वामींकडं बघितलं, मग थोरल्याकडं. या खेपेला विरेश कुणाच्या हो साठी थांबला नाही. वाकला, कडेला हात टेकले आणि खड्ड्यात उतरला. एका हातानं माती ओढून घेतली, दुसरा हात बापाच्या मानेखाली घातला आणि उचललं.

मान उठली नाही. मानेबरोबर पाठ उठली, पाठीबरोबर कंबर, आणि पलीकडं टाचा मातीवर फिरल्या. अख्खे आप्पा फळीसारखे वर आले. विरेश तसाच धरून राहिला. मग हळूहळू खाली टेकवलं. पुन्हा एकदा उचलून बघितलं. पुन्हा तेच.

वरून शरणबसवनं हात दिला. "चल, वर ये."

"त्यांना असं आडवं होववत नाही, अण्णा," विरेश खालूनच सांगत होता. "दम लागतो त्यांना."